विल्यम बँटिंग: एका वर्षात ४६ पौंड उतरवणारा लंडनचा वृद्ध, आणि त्यांच्या वजनातून आपल्यासाठी धडे

वजन कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही आतापर्यंत किती वेळा केला आहे? पाच वेळा? दहा वेळा? दर वेळी थोडे कमी झाले, पुन्हा वाढले, आणि शेवटी आपल्यातच काहीतरी कमी आहे असे वाटू लागले का? तसे असेल तर आज मी तुम्हाला एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्याने साधारण वीस वर्षांत वीसेक वेळा उपचार घेतले आणि प्रत्येक वेळी हरला. वयाच्या पासष्टीत त्याला उपाय सापडला, आणि तोही कानाच्या डॉक्टरकडे.

त्यांचे नाव विल्यम बँटिंग. डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञ नव्हते. लंडनमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणाऱ्या नामांकित पेढीचे ते मालक होते. तरीही एकोणिसाव्या शतकात लठ्ठपणावर जेवढी चर्चा त्यांच्यामुळे झाली, तेवढी क्वचितच कोणा वैद्यामुळे झाली असेल. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला बांटा असे क्रियापद आहे, ते यांच्याच आडनावावरून आले.

ही गोष्ट सांगण्यामागे माझा हेतू त्यांचा आहार तुमच्या गळ्यात घालण्याचा नाही. त्यांना काय बरोबर सापडले, कुठे नशिबाने साथ दिली आणि आज आपल्याला त्यापेक्षा जास्त काय माहीत आहे, हे नीट समजून घेऊ.

कोण होते बँटिंग?

बँटिंग यांचा जन्म १७९६ चा. घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होती. फर्निचर आणि घरसजावटीबरोबरच मोठ्या घराण्यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था हे त्यांचे काम. इंग्लंडच्या राजघराण्याचे अंत्यसंस्कार पिढ्यान्‌पिढ्या याच पेढीकडे होते. १८२० मधील राजा तिसरा जॉर्ज यांच्यापासून १९१० मधील राजा सातवा एडवर्ड यांच्यापर्यंत अनेक राजेशाही अंत्यविधी बँटिंग घराण्याने सांभाळले. १८५२ मधील ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ मधील राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे अंत्यविधीही त्यात येतात.

म्हणजे माणूस प्रतिष्ठित, पैशाने सुखवस्तू आणि कामात अत्यंत शिस्तीचा. वेळेचे, मोजमापाचे काटेकोर भान असल्याशिवाय असे काम होत नाही. हा स्वभाव पुढे त्यांच्या उपयोगी पडणार होता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आईवडिलांपैकी कोणीही लठ्ठ नव्हते, आणि बँटिंग स्वतः आळशी किंवा बैठे आयुष्य जगणारेही नव्हते. तरीही वजन वाढत गेले.

शरीर किती त्रास देत होते?

ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड होते. आजच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ९२ किलो. बीएमआय काढला तर तो साधारण ३३.६ येतो. म्हणजे ते अवाढव्य नव्हते. आपल्या आजूबाजूला अशा वजनाची माणसे रोज दिसतात, कदाचित तुमच्या घरातही असतील. पण बीएमआयच्या एका आकड्यावरून माणसाचा त्रास कळत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार येऊ नये म्हणून ते पाठमोरे, एकेक पायरी हळूहळू उतरत. थोड्याशा श्रमाने धाप लागे. बेंबीजवळ हर्निया झाला होता. दृष्टी कमजोर झाली होती आणि ऐकूही कमी येऊ लागले होते.

आणि या सगळ्याहून एक वेगळी वेदना होती, जिच्याबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले. ती म्हणजे लोकांची टिंगल. समारंभात, सार्वजनिक वाहनात, साध्या रस्त्यावरही लोक शेरे मारत. जागा किती लागते याकडे बघून तोंडे वाकडी करत. त्यामुळे ते शक्यतो चारचौघांत जाणेच टाळू लागले. राजांच्या अंत्ययात्रा सांभाळणाऱ्या घराण्यातल्या माणसाची ही अवस्था होती. आज वजनावरून लग्नकार्यात, ऑफिसात किंवा घरच्याच माणसांकडून टोमणे ऐकणाऱ्यांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. टोमण्यांनी वजन कमी होत नाही. उलट अशा माणसांना डॉक्टरकडे जायलाही लाज वाटते आणि उपचार लांबतो.

वीस वर्षांचे फसलेले उपाय

बँटिंग यांनी आपल्या आजाराकडे दुर्लक्ष केले असते तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी त्या काळातले उत्तमोत्तम डॉक्टर गाठले आणि सांगितलेले सगळे केले.

एका सर्जन मित्राने सांगितले, व्यायाम करा. घर नदीजवळ होते आणि चांगली भक्कम होडी हाताशी होती. बँटिंग रोज पहाटे दोन तास वल्ही मारू लागले. स्नायू बळकट झाले, पण त्याबरोबर भूकही प्रचंड वाढली. ते जास्त खाऊ लागले आणि वजन कमी होण्याऐवजी वाढले. शेवटी त्याच मित्राने होडी बंद करायला सांगितली.

मग घोड्यावरची रपेट झाली, समुद्रस्नान झाले, लांब पल्ल्याची पायपीट झाली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट इथल्या औषधी पाण्याच्या ठिकाणी अनेक वाऱ्या झाल्या. वाफेची स्नाने घेतली. लायकर पोटॅसी नावाचे पोटॅशियमचे तीव्र अल्कधर्मी द्रावण पातळ करून भरपूर प्यायले. वजन कमी करण्यासाठी ते त्या काळी दिले जाई. आज कोणताही डॉक्टर ते देणार नाही. कमी खाण्याचेही प्रयोग झाले. पण कशानेच टिकाऊ फरक पडला नाही.

वाचकहो, होडीचा प्रसंग जरा नीट वाचा. नुसत्या व्यायामाने फारसे वजन उतरत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. तासभर वेगाने चालून साधारण २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. त्यानंतर एक वडापाव आणि साखरेचा चहा घेतला की हिशेब बरोबरीत. म्हणून व्यायाम निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. तो रक्तदाब, साखर, हाडे, झोप आणि मन यांच्यासाठी गरजेचा आहे. कमी झालेले वजन टिकवण्यात आणि स्नायू राखण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटात होते. बँटिंग यांना वर्षानुवर्षे हे कोणी सांगितलेच नव्हते.

कानाच्या डॉक्टरकडे

ऑगस्ट १८६२ मध्ये ऐकू कमी येते म्हणून बँटिंग एका प्रसिद्ध कर्णतज्ज्ञाकडे गेले होते. त्यांनी तक्रार फारशी मनावर घेतली नाही, कानाबाहेर औषध लावले आणि स्वतः सुट्टीवर निघून गेले. त्रास तसाच राहिला म्हणून बँटिंग दुसरा डॉक्टर शोधू लागले. अशा रीतीने ते सोहो स्क्वेअरमधील डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे पोहोचले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे वेगळे, ते त्याआधी दोनशे वर्षे होऊन गेले.)

या हार्वेंनी पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली होती. यकृत नुसते पित्त तयार करत नाही, तर साखरही तयार करून रक्तात सोडते, हे बेर्नार यांनी दाखवून दिले होते. मधुमेहावर त्यातून नवा प्रकाश पडला होता. हार्वेंनी विचार असा केला: मधुमेहींना साखर आणि पिठूळ पदार्थ कमी दिले की त्यांच्या शरीरातील साखर कमी होते. शेतकरी जनावरांना माजवण्यासाठी पिठूळ आणि गोड खाद्यच देतात. मग अति चरबी झालेल्या माणसाला तेच पदार्थ कमी दिले तर?

बँटिंग यांना तपासून हार्वेंना वाटले की कानाच्या आतल्या भागातील नळीवर चरबीचा दाब येत असावा. त्यांनी कानात औषध घालण्याऐवजी ताट बदलायला सांगितले. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद.

आधी काय खात होते आणि नंतर काय?

बँटिंग यांचे पूर्वीचे खाणे बघा. सकाळी दूध-ब्रेड, किंवा भरपूर दूध-साखरेचा मोठा प्याला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट. दुपारी मांस, पण त्याबरोबर भरपूर ब्रेड, बिअर आणि गोड पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखाच चहा. रात्री फळांचा गोड टार्ट किंवा पुन्हा दूध-ब्रेड.

ब्रेडच्या जागी पोळी, टोस्टच्या जागी खारी-बिस्किट आणि टार्टच्या जागी शिरा ठेवलात तर हे ताट ओळखीचे वाटेल. दिवसभर थोडे थोडे, मऊ, गोड, पिठूळ आणि पातळ. पोट भरते, पण लगेच पुन्हा रिकामे वाटते.

हार्वेंनी सांगितलेला आहार असा होता. सकाळी ४ ते ५ औंस मांस किंवा भाजलेला मासा, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा, आणि एक छोटे बिस्किट किंवा औंसभर कोरडा टोस्ट. दुपारी ५ ते ६ औंस मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, औंसभर टोस्ट, थोडे फळ. संध्याकाळी २-३ औंस फळे, एखादे-दोन टोस्ट आणि तसाच चहा. रात्री ३-४ औंस मांस किंवा मासे. डुकराचे मांस आणि सॅमन मासा वर्ज्य होता. वाईन मात्र दुपारी आणि रात्री चालत असे. हा भाग आज कोणीही उचलू नये. दारूत कॅलरी भरपूर असतात आणि यकृताला तिची गरज नसते.

ग्रॅममध्ये पाहिले तर दिवसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम मांस-मासे, थोडी भाजी, थोडे फळ आणि अगदी मोजका ब्रेड. मुख्य बदल दोन होते: साखर, बिअर आणि पीठ यांतून येणाऱ्या कॅलरी मोठ्या प्रमाणात गेल्या, आणि प्रथिने प्रत्येक जेवणात आली.

वजनाची वही

बँटिंग हिशेबी होते. त्यांनी वजनाची तारीखवार नोंद ठेवली. सुरुवात २०२ पौंडांवर. २४ डिसेंबर १८६२ पर्यंत १८४ पौंड. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर १५६ पौंड. म्हणजे एका वर्षात ४६ पौंड, सुमारे २१ किलो कमी. कंबरेचा घेर १२ इंचांहून थोडा जास्त उतरला. बीएमआय साधारण २६ वर आला.

आता भागाकार करा. आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. महिन्यात १० किलो कमी करून देतो अशा जाहिराती तुम्ही रोज पाहता. त्यांच्या तुलनेत हा वेग कासवाचा आहे. पण हाच वेग सुरक्षित, आणि हाच टिकतो. शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के जरी कमी झाले तरी साखर, रक्तदाब, यकृतातील चरबी आणि गुडघेदुखी यांत फरक दिसू लागतो. बँटिंग यांचे सुमारे २३ टक्के कमी झाले.

फरक त्यांनी स्वतः लिहून ठेवला. जिना ते सरळ उतरू लागले. बुटाची नाडी बांधता येऊ लागली. धाप कमी झाली. हर्नियाचा त्रास हलका झाला. ऐकणे आणि दिसणे सुधारल्याचेही त्यांनी नोंदवले. कानाचा संबंध खरोखर चरबीशी होता की काही वेगळे, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. पण चालणे, वाकणे, श्वास घेणे यांतला बदल आजही आम्हाला रुग्णांत दिसतो. वजनाच्या काट्यावरचा आकडा बदलण्याआधी बरेचदा रुग्ण हेच सांगतात की आता मांडी घालून बसता येते.

पुस्तिका, प्रसिद्धी आणि टीका

१८६३ मध्ये बँटिंग यांनी स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली. नाव होते लठ्ठपणाविषयी जनतेला उद्देशून पत्र, अशा अर्थाचे. सुरुवातीला ती त्यांनी फुकट वाटली. मागणी इतकी वाढली की पुढच्या आवृत्त्या विकाव्या लागल्या. नफा त्यांनी धर्मादाय कामाला दिला. पुस्तिकेची भाषांतरे झाली, जर्मनीत त्या उपचाराला बँटिंग क्युअर म्हणू लागले, आणि इंग्लंडमध्ये तर त्यांचे आडनावच क्रियापद झाले.

डॉक्टरमंडळी मात्र चिडली. अंत्यविधीवाल्याने वैद्यकात नाक खुपसू नये, असा लॅन्सेटसारख्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाचा सूर होता. काही आक्षेप रास्त होते. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. हा आहार कोणासाठी धोक्याचा, हे सांगितलेले नव्हते. पण चिडण्यामागे दुसरेही कारण असावे. वीस वर्षे ज्याला कोणी बरे करू शकले नाही, तो आता लोकांना मार्ग दाखवत होता. एक डॉक्टर म्हणून मला यातून शिकावेसे वाटते. रुग्णाने इतके उपाय करूनही वजन उतरत नसेल, तर दोष रुग्णाचा आहे असे गृहीत धरणे सोपे असते. उपायच चुकीचा आहे का, हे आधी पाहायला हवे.

हार्वेंचे नाव पहिल्या आवृत्तीत नव्हते, नंतर आले. पुढे १८७२ मध्ये हार्वेंनी लठ्ठपणा आणि आजार यांवर स्वतःचे पुस्तक लिहिले.

पुस्तिकेच्या १८६९ मधील चौथ्या आवृत्तीत बँटिंग यांनी एक छोटा प्रयोग नोंदवला. आठवडाभरात मिळून फक्त ५ औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम साखर खाल्ली तरी त्यांचे वजन साधारण एक पौंड वाढे. त्यांनी निष्कर्ष काढला की साखर हीच सर्वांत मोठी शत्रू. आज आपण याचे स्पष्टीकरण जास्त नीट देऊ शकतो. १४० ग्रॅम साखरेत साधारण ५६० कॅलरी असतात. त्यातून पौंडभर चरबी तयार होणे शक्य नाही. कर्बोदके कमी खाणाऱ्याने पुन्हा गोड खाल्ले की शरीरात ग्लायकोजेन साठते आणि त्याबरोबर पाणी धरून ठेवले जाते. काट्यावर दिसते ते मुख्यतः पाणी. म्हणून सणाच्या दिवशी एक पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी किलोभर वजन वाढले तर घाबरून सगळे सोडून देऊ नका. ती चरबी नाही.

बँटिंग यांचे निधन १८७८ मध्ये लंडनमध्ये झाले, वयाच्या ८१ व्या वर्षी. इन्सुलिनचा शोध लावणारे फ्रेडरिक बँटिंग त्यांचे दूरचे नातेवाईक मानले जातात. दोघांची गल्लत मात्र करू नका.

मग आपणही हाच आहार घ्यावा का?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जसाच्या तसा नको. पण त्यातली तीन तत्त्वे आजही उपयोगाची आहेत.

१. गोड पेये आणि साखर आधी कमी करा. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १६० कॅलरी, त्याही पोट न भरणाऱ्या.

२. प्रत्येक जेवणात प्रथिने घ्या. अंडी, मासे, चिकन चालत असेल तर उत्तम. शाकाहारी असाल तर घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, दही, पनीर, सोयाबीन. पातळ आमटीची एक वाटी म्हणजे पुरेशी प्रथिने नव्हेत.

३. भात, पोळी, भाकरी बंद करण्याची गरज नाही, पण ताटातला त्यांचा वाटा पावभर ठेवा आणि अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे करा.

आणि या लोकांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके एकदम कमी करू नयेत: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे मधुमेही (साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते), डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणारे (रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसचा धोका), मूत्रपिंडाचा आजार असणारे, गरोदर आणि स्तनदा माता, तसेच खाण्याशी संबंधित मानसिक आजार असणारे.

बँटिंग आज आले असते तर?

समजा, ९२ किलोंचे बँटिंग आज माझ्या दवाखान्यात आले. मी त्यांना आधी काय विचारेन? झोपेत घोरता का, दिवसा पेंग येते का, कोणती औषधे चालू आहेत, मन कसे आहे. मग कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, एचबीए१सी, थायरॉईड, लिपिड, यकृताच्या तपासण्या. आपल्या भारतीयांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर म्हणजे जास्त वजन आणि २५ च्या वर म्हणजे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

आज त्यांच्यासमोर आहाराव्यतिरिक्त औषधांचाही पर्याय असता. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आतड्यांतून येणाऱ्या नैसर्गिक संप्रेरकांसारखे काम करतात. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामे होते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास होऊ शकतात, क्वचित पित्ताशयातील खडे किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. गरोदरपणात ही चालत नाहीत. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते. ओळखीच्याकडून किंवा ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने ही इंजेक्शने कधीही घेऊ नका.

तेवढ्याने भागत नसेल तर शस्त्रक्रिया आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखे आजार असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. आशियाई लोकांत २७.५ पासूनच विचार करता येतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

शस्त्रक्रियेनंतरचे जेवण

शस्त्रक्रिया झाली म्हणजे आहाराचा प्रश्न सुटला असे समजू नका. तो इथून आयुष्यभरासाठी सुरू होतो.

पहिले एक-दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ वाटलेले, मग नरम, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ताच पाळा.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, अनेकांना त्याहून जास्त. जेवणात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भात-पोळी. शाकाहारी रुग्णांना बहुधा प्रोटीन पावडरची मदत लागते.

जेवताना पाणी पिऊ नका. जेवणानंतर अर्धा तास थांबा, आणि दिवसभर घोट घोट करून दीड लिटरच्या आसपास पाणी घ्या.

गोड पदार्थ जपून. बायपासनंतर गोड खाल्ले की घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात.

मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे आयुष्यभर. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण दोन-तीन वर्षांनी रक्तक्षय, हातापायाला मुंग्या आणि ठिसूळ हाडे घेऊन येतात. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करा.

सतत उलट्या होत असतील तर एक दिवसही थांबू नका. बी१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने टाळा.

शेवटी

बँटिंग यांना जे मिळाले ते इच्छाशक्तीचे फळ होते असे अनेकांनी मानले. मला तसे वाटत नाही. इच्छाशक्ती त्यांच्याकडे आधीची वीस वर्षेही होती. पहाटे उठून दोन तास होडी चालवणारा माणूस कमजोर मनाचा नसतो. फरक पडला तो योग्य उपाय, नेमके प्रमाण, नियमित नोंद आणि ऐकून घेणारा डॉक्टर मिळाल्यामुळे.

तेव्हा आज रात्री एवढेच करा. एका वहीत तारीख, वजन आणि कंबरेचा घेर लिहा. दिवसभर काय खाल्ले, काय प्यायले तेही खरे खरे लिहा. पंधरा दिवस लिहीत राहा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. याआधी कितीही वेळा प्रयत्न फसला असेल, तरी जायला लाजू नका. बँटिंग यांना उपाय मिळाला तेव्हा ते ६५ वर्षांचे होते, आणि त्यानंतर आणखी सोळा वर्षे जगले.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीप्रमाणे उपचार ठरवण्यासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)